बंद ठेवलेली लेअर

लेकाला घरं बांधायचं शिक्षण दिलं, आणि त्यानं स्वतःच्या आईलाच मागच्या कोपऱ्यात टाकलं! नव्या घराच्या नकाशात आईची खोली कोठीशेजारी होती. विचारलं तर म्हणे, "तुला शांतता हवी ना?"

"शांतता मेल्यावर आहेच," आई म्हणाली. "मला रस्ता दिसायला हवा. येणारा-जाणारा दिसला नाही तर बोलू कोणाशी, भिंतीशी?"

त्यानं ते हसण्यावारी नेलं. नकाशा आज पाच वाजता कंत्राटदाराकडे जायचा होता. एकदा पाया खणला की खोली हलायची नाही.

चार वाजले तरी घरातल्या ऑफिसात नवरा-बायकोची जुंपलेलीच होती. दोघंही आर्किटेक्ट, पण दोघांचे प्रोग्रॅम वेगळे.

"माझ्यात प्रत्येक रेघेला लेअर असते," लेक सांगत होता. "भिंती एकीवर, दारं दुसरीवर, वायरिंग तिसरीवर. नको ती बंद केली की संपलं. दिसतही नाही, छापूनही येत नाही."

"आणि माझ्यात भिंतीला ठाऊक असतं, की आपण भिंत आहोत," सून म्हणाली. "लेअर हवी कशाला? काय दाखवायचं, काय झाकायचं, ते प्रत्येक व्ह्यूमध्ये वेगळं ठरवायचं."

आई टेबल पुसत होती. "म्हणजे याच्याकडे झाकलेलं तुझ्याकडे उघडं पडू शकतं?"

"पडतं की! बघ रे, आईंना एका फटक्यात कळलं."

"चौथीत शाळा सुटली माझी, मला कसलं कळतंय! पण द्यायच्या आधी तुझ्या यंत्रावर एकदा बघच बाई. हा लहानपणी नापासाची वहीसुद्धा माळ्यावर लपवायचा."

"बघू दे की, मी कशाला भिऊ?" लेकानं फणकाऱ्यानं फाइल दिली.

सुनेनं ती आपल्याकडे उघडली. पहिल्या व्ह्यूमध्ये सगळं जिथल्या तिथे. तिनं दुसरा व्ह्यू उघडला आणि ती किंचाळलीच, "अगं बाई!"

रस्त्याच्या अंगाला ऐसपैस खोली. रुंद खिडकी. बाहेर बसायला कट्टा. लेकाची मोटार गेली होती मागच्या कोपऱ्यात, कोठीशेजारी.

"आईंची खोली! बंद लेअरवर लपवून ठेवलीस होय? किती गुणी आहेस रे!"

लेकानं पडद्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. असं कौतुक लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्या वाट्याला येत होतं.

"म्हटलं, आईला सरप्राइज द्यावं," तो म्हणाला.

"आता हाच नकाशा जाणार. फक्त दार उलट्या बाजूला उघडतंय, पलंगावर आदळेल."

"घाईत राहिलं असेल."

सुनेनं कंत्राटदाराला फोन लावला आणि खोली पुढे आल्याचं सांगूनही टाकलं. मग तिनं सासूला कडकडून मिठी मारली. आई तिची पाठ थोपटत लेकाकडे एकटक बघत राहिली. त्याची नजर काही वर होईना.

"पक्का लबाड आहेस मेल्या," आई म्हणाली. "श्रेय खाल्लंस ते पचव, आणि आता ती खुर्ची दे इकडे. दार कसं फिरवायचं तेवढं दाखव मला. बाकी सगळी खोली मीच काढली तुझ्या यंत्रावर, पण हे दार काही तीन दुपारी खपूनसुद्धा वळलं नाही."