कोरडे पत्रे

जऊळक्याच्या जिनिंग कारखान्यावरचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे काढताना इंद्रभानच्या बापानं धूळ बसवायला पाणी मागितलं होतं.

"माह्या विहिरीले तुमचा हात लागणार नाई," मालक जगदेवराव म्हणाले.

बाप कोरडेच पत्रे फोडत राहिला आणि शेवटची दोन वर्षं खोकून मेला.

१९७८ साली जगदेवरावांच्या घरावरचे तसलेच पत्रे काढायचे होते. गावच्या डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, भिजवल्याशिवाय हलवू नका. धुळीच्या भीतीनं एकही गडी फिरकेना. इंद्रभान तेवढा आला आणि छपरावर चढून बसला.

"पाणी घे ना बाबू विहिरीचं!"

"आमचा हात कसा लागन, मालक? तुमीच काढा."

चाळिसाव्या बादलीला जगदेवरावांचे तळहात सोलले. छपरावरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.


"कोरडंच हाय, मालक," इंद्रभान वरून म्हणाला. "आणा अजून."