मूळ कॅसेट

"तुझ्या फाटक्या गळ्याचं काही काम नाही," गिटारवाला दुकानात शिरताशिरताच म्हणाला. "कॅसेट हवीय. आपली पहिली. मूळ."

फ्रेमवाल्याने हातातली तसबिरीची काच खाली ठेवली. इतक्या वर्षांनी उगवला होता बाबा, आणि तोंड उघडलं तर हे! गिटारवाला आता बडी असामी. बँड त्याचा, नाव त्याचं, पोस्टरंही त्याचीच. फ्रेमवाला म्हणजे त्याच बँडचा पहिला गायक, लाथ घालून हाकललेला.

चौघा पोरांनी एका खोलीत चार गाणी कॅसेटवर भरली होती. गिटारवाल्याने घरच्या डेकवर तिच्या कॉप्या काढल्या, कव्हरं हाताने रंगवली, दारोदार वाटल्या. एक कॉपी कंपनीच्या साहेबाला लागली. साहेब म्हणाला, हाच टिपेचा आवाज हवा. मग गिटारवाल्याने कॉपी लावून तिच्या सुराला गिटार जुळवली आणि फ्रेमवाल्याला साहेबासमोर उभं केलं. आवाज काही तिथवर पोचेना. शेवटी चिरकलाच.

"कॅसेट खोटं बोलत नसते," गिटारवाला सगळ्यांदेखत म्हणाला होता. "घसा घालवलास तू."

आठवड्यात नवा गायक आला. फ्रेमवाल्याच्या अंगावर मूळ कॅसेट फेकली गेली, आठवण म्हणून. याने ती कधी लावलीच नाही. जखमेवर मीठ कोण चोळून घेईल? मिठाच्या गुळण्या मात्र वर्षभर केल्या. पुढे लेक झाली, तिला झोपवतानासुद्धा हा माणूस कधी गुणगुणला नाही.

आता कंपनीला तीच जुनी गाणी पुन्हा काढायची होती आणि सगळ्या कॉप्यांना बुरशी लागली होती. म्हणून ही स्वारी दारात.

"देऊन टाका हो," बायको आतून कॅसेट घेऊन आली. "पण आधी वाजते का बघा. नाहीतर परत दारात यायचे."

दुकानातल्या जुन्या टेपमध्ये तिने कॅसेट सरकवली. खरखर झाली. मग टिंग असा बारीक आवाज, त्यामागून गिटारच्या तारा जुळवल्याचा. आणि मग गाणं. खालच्या पट्टीतलं, भरदार, कुठे ओढाताण नाही. फ्रेमवाला बघतच राहिला. हा आवाज आपला?

"डबा मेलाय तुझा," गिटारवाला हसला. "हळू चालतोय. सेल बदल."

"विजेवर चालतो तो, भावजी," बायको म्हणाली. "आणि ते टिंग कसलं?"

फ्रेमवाल्याला ते माहीत होतं. गिटारवाल्याच्या गळ्यात अजूनही काळ्या दोऱ्यात तो दोन दातांचा पोलादी चिमटा लोंबत होता, सूर लावायचा. कॅसेट भरतानाही त्याच्याच टिंगवर तारा जुळवल्या होत्या. प्रत्येक मुलाखतीत मिरवायचा तो. माझा कान चुकत नाही, म्हणायचा.

"काढ," फ्रेमवाला म्हणाला.

फ्रेमवाल्याने चिमटा हातात घेतला, टेबलाच्या कडेवर आपटून कानाशी धरला आणि कॅसेट मागे नेऊन पुन्हा लावली. टिंग आणि टिंग. तसूभर फरक नाही. पोलादाचा सूर काही वर्षांनी बदलत नसतो.

गिटारवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला. कान होताच की त्याला! आज का होईना, चालला.

"माझा डबा बरोबर आहे," फ्रेमवाला सावकाश म्हणाला. "पळत होता तो तुझा डेक, म्हणून कॉपीत आवाज वर चढला. पळालेल्या कॉपीला गिटार जुळवलीस आणि धापा टाकायला लावल्यास मला."

"आता उकरून काय उपयोग?" गिटारवाला पुटपुटला. "लोकांना तोच वरचा आवाज माहितीय. हे असं नाही बाहेर काढता यायचं. राहू दे. मला नको ती कॅसेट."

बायकोने त्याच्याकडे पायपुसण्याकडे बघावं तसं बघितलं. टेप चालूच होता. दुसरं कडवं आलं आणि फ्रेमवाल्याने नकळत सूर लावला. आधी घोगरा, मग थेट टेपवरच्या आवाजाला जाऊन मिळाला. बायकोचा हात तोंडावर गेला. लग्नानंतर पहिल्यांदा नवरा गात होता.

गाणं संपलं. त्याने कॅसेट काढून गिटारवाल्याच्या खिशात कोंबली.

"ही घेऊन जा," तो म्हणाला. "चिमटा मात्र इथेच राहू दे. मला रियाजाला लागेल, तुझ्या गळ्यात नुसताच लोंबत होता."