डावा गुडघा

पंधरा वर्षांत गोमाने नऊ संघांची बनियनं अंगात घातली. जो बोलावील त्याच्याकडून कबड्डी खेळायची, त्याच्या घरी जेवायचं आणि हंगाम सरला की दुसरं गाव गाठायचं. "भाड्याच्या बैलाला कुठलं आलंय गाव," असं तो स्वतःच हसत म्हणे.

औंदा तो चौक गावाकडून खेळत होता. अंतिम सामन्यात समोर साजगावच्या कारखान्याचा संघ होता, दोन वर्षांपूर्वीचा त्याचाच. गुण बरोबरीत असताना शेवटची चढाई गोमाकडे आली. त्याने मधल्या रेषेची माती कपाळाला लावली आणि दम घेत आत शिरला. कोपऱ्यातल्या विठूला शिवून तो वळला, तेव्हा दुखरा डावा पाय नेमका विठूच्या हाताशी राहिला. तो धरला असता तर गोमा तिथंच बसला असता. पण विठूने पाय सोडून कंबरेला मिठी घातली. गोमा मिठीतून निसटला, रेषेपार आडवा झाला आणि चौक एका गुणाने जिंकलं.

चौकची पोरं ढाल घेऊन नाचू लागली. गोमा लंगडत विठूपाशी गेला.

"पाय हाताशी आला होता रं. धरला का नाय?"

विठू अंगावरची माती झटकत राहिला.

"तो गुडघा निखळला तवा तुझ्या अंगात आमचं बनियन होतं, दादा. त्या साली तू आणलेली ढाल अजून कारखान्यात टांगलेली हाय. आमचाच गुडघा आमी परत कसा मोडायचा?"