पस्तिसावं मत

सतरा मालोजीला, सतरा कोंडाजीला, आणि मत द्यायची राहिली एकटी धोंडूबाई. हे कळताच मालोजीच्या माणसांनी धोतरं झटकली आणि घरची वाट धरायची तयारी केली.

पोशीरमधून तालुक्याच्या लोकल बोर्डावर एक शेतकरी पाठवायचा होता. कर्जतच्या कचेरीतला कारकून देवळापुढं बसला होता. ज्याच्या नावावर शेत, त्यानं पुढं यायचं आणि उमेदवाराचं नाव मोठ्यानं घ्यायचं. धोंडूबाईला भाऊ नव्हता, म्हणून बापाचं शेत तिच्या नावावर. बाईनं मत देऊ नये असं कुठं लिहिलंय, हे कारकुनानं सगळे कागद चाळून शोधलं. सापडलं नाही. बाईचा कुणी विचारच केला नव्हता, त्यामुळं मनाई करायचीही राहून गेली होती.

मालोजीला बोर्डाकडून एक विहीर हवी होती, खालच्या आळीच्या टोकाला. उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन नदीची दरड उतरत. गेल्या वैशाखात धोंडूबाई तिथंच घसरली होती, अजून लंगडत होती.

"विहीर गावाच्या मधोमध का नको रं?" कोंडाजीनं विचारलं होतं.

"पानी टोकालाच लागंल," मालोजी म्हणाला होता. कसं कळलं, ते सांगितलं नव्हतं.

टोकाला घर धोंडूबाईचं. पण तिला त्याचं कौतुक नव्हतं. दोघांची शेतं शेजारी, मधे एक बांध, आणि बांधावर रोज सकाळी भांडण.

"बांध कोरतोस रं!"

"तूच कोरतीस!"

भांडण संपलं की गाव न्याहारीला बसे. बांध खरंच दरसाल बारीक होत होता. एकदा कुलकर्ण्यानं मोजला, तर मालोजी आपल्याच बाजूनं कोरत होता आणि धोंडूबाई तिच्या. दोघंही गाढव आहेत, असं ठरवून कुलकर्णी जेवायला गेला. आता त्या बांधावर बगळासुद्धा एकाच पायावर मावे.

माघात मालोजी बैल बघायला कुंभिवलीला गेला. तीन दिवसांनी परत आला, बैलाशिवाय, आणि तरी खुशीत. धोंडूबाई तेव्हा बहिणीकडं होती. गावाची न्याहारी तीन दिवस उशिरा झाली.

कोंडाजीला मात्र तिच्या मताची खात्री होती. ती विधवा, तो विधुर. पाट लावू म्हणून त्यानं तिला दोनदा विचारलं होतं. "ह्या वयात? लोक हसतील," म्हणत तिनं केरसुणी दाखवली होती. पण मालोजीला तर ती रोजच दाखवायची.

धोंडूबाई लंगडत पुढं आली.

"नाव?" कारकून म्हणाला.

"धोंडू."

"तुझं नाही बाई. मत कुणाला, त्याचं."

तिनं मालोजीकडं बोट केलं. "त्या बांधकोऱ्याला."

कोंडाजीच्या तोंडातलं पान खाली पडलं.

"बांधकोऱ्या नावाचा उमेदवार नाही," कारकून म्हणाला.

"मंग त्या बिनबैलवाल्याला."

"बोट, खूण, शिवी, काही चालणार नाही. नाव हवं."

धोंडूबाईनं तोंडाला पदर लावला.

"बघा!" कोंडाजी उठला. "नाव घ्यायची बी किळस येते तिला. माझं घे की गं!"

"कोंडाजी, कोंडाजी, कोंडाजी," ती म्हणाली. "घेतलं. हे मत नाय हां, रावसाहेब."

कारकुनानं घाईनं टाक वर उचलला. "मग त्याचंच नाव कुठं अडतंय?"

मालोजी पुढं आला. डोळे जमिनीवर. "ऱ्हाऊ दे गं. नको घेऊस. पडलो तर पडलो."

"विहीर पायजे मला," धोंडूबाई म्हणाली. "का हंडे तुमी वाहनार?"

मालोजी मागं सरला.

कारकून म्हणाला, "बाई, शेवटचं विचारतो."

तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला, पायाच्या अंगठ्यानं माती उकरली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"कुंभिवलीच्या आंब्याला मोहोर आला दाट, मालोजीरावांचं नाव घेते, माघात लागला पाट!"