वायरलेसवाल्याची विहीर

साहेबरावदादा बांधावर उभा राहून आभाळ बघत होता. आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं. चौऱ्याहत्तर सालचा माघ. पाण्याच्या त्याच्या बारीत दोन्ही दिवस वीज गेली ती गेलीच, आणि आज आली, तर बारी धाकट्या भावाची. दादाचा गहू ओंबीवर होता. आज पाणी मिळालं नाही तर दाणा पोचट राहणार, हे वरवंड गावात कुणीही सांगितलं असतं. पण मागेल तो दादा कसला!

धाकटा मच्छिंद्र फौजेत वायरलेसवर, सुट्टीवर आलेला. दोघांत विहीर एक. दोन दिवस याचे, दोन दिवस त्याचे, हा नियम वाटणीच्या वेळी दादानंच घातलेला.

एकाहत्तरच्या लढाईच्या हिवाळ्यात मच्छिंद्र सीमेवर होता. त्याची बायको रंभा एकटी रान बघायची आणि बारी मोजायला सारखी चुकायची. कांद्यानं माना टाकल्या की दादा बांधावरून ओरडायचा, "रंभे, आज तुझी बारी हाय! मोजाय येत न्हाई व्हय?" त्यावरून घरात अजून तिची थट्टा चाले. मच्छिंद्रही त्यात मागे नसे.

"दादा, आज तू भर पानी," मच्छिंद्र म्हणाला.

"तुझ्या बारीत? का म्हून?"

"आमच्याकडं असंच चालतं. वायरलेसवर सगळ्या ठाण्यांना मिळून लाईन एकच. ज्याला त्याला बोलायची येळ नेमलेली. पर ज्याला काय सांगायचं नसंल, त्यानं आपली येळ नड असंल त्याला द्यायची. ज्याच्यावर गोळं पडत्यात त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी गप ऱ्हायचं."

"माझ्यावर कुठं गोळं पडत्यात? नियम म्हंजी नियम."

मच्छिंद्रचा वायरलेस तिथंच बंद पडला. थोरल्या भावापुढे फौजेचं काही चालत नाही.

भाकरी घेऊन आलेल्या रंभानं सगळं ऐकलं होतं. तिनं टोपली खाली ठेवली आणि दादाकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "भावजी, आज तुमचीच बारी हाय! मोजाय येत न्हाई व्हय?"

दादा बांधावरून खाली उतरला. मग तो हळूच म्हणाला, "म्हंजी तवा बारी माझी असायची, हे तुला तवाच ठावं हुतं?"

रंभा तोवर मोटरीकडे निघाली होती. जाता जाता पदराआड हसून म्हणाली, "मला मोजाय येतं, भावजी."