काश्यप गोत्र

काशीच्या बालाजी घाटाच्या पायऱ्यांवर पुराचा गाळ वाळत आला होता. पाण्यात उभ्या असलेल्या ढुंढिराज गुरुजींचं पितरांचं तर्पण झालं. मग त्यांनी पुन्हा ओंजळ भरली. "काश्यपगोत्र सू-यिन," म्हणत पाणी सोडलं.

वरच्या पायरीवर बसलेल्या मालविकाने मान वर केली. बासष्टच्या चीन युद्धात भारतात राहणाऱ्या चिनी कुटुंबांना राजस्थानातल्या एका छावणीत कोंडलं होतं. त्या छावणीचा इतिहास ती लिहीत होती. तीन वर्षं गावोगाव फिरून झाली. छावणीत नोकरी केलेल्यांच्या बहुतेक घरांत मुलगा दार उघडायचा आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवायचा. छावणीतल्या पोरांना शिकवणारे गुरुजी तेवढे उरले होते.

"गुरुजी, सू-यिनला काश्यप गोत्र?"

"ज्याचं ठाऊक नाही, त्याचं काश्यप. सात वर्षांची होती गं. वर्गात तापाची साथ आली. एका सकाळी बघतो, तर कुंपणाजवळ छोटासा खड्डा बुजवलेला आणि हिची जागा रिकामी. कुणी काही बोलेना. काय समजायचं ते मी समजलो."

मालविकाने डोळे चोळले. "ती टोरांटोत आहे. मागच्या महिन्यात बोलले मी तिच्याशी. त्या रात्री तिला शहरातल्या इस्पितळात हलवलं होतं."

"जिंदा आहे?"

"तुमची नक्कल करते अजून. कपाळावर चष्मा ठेवून सगळ्या वर्गाला शोधायला लावायचात म्हणे."

"बदमाश पोरगी!" गुरुजी इतके हसले की त्यांना खोकला आला. "चांगल्या जित्याजागत्या पोरीला मी इतकी वर्षं पितरांत बसवलं! तिला सांगू नकोस हं, बाळ. माझा कान धरेल."

मालविकाही हसली. गुरुजींचं हसू मात्र मध्येच थांबलं.

"मग त्या खड्ड्यात कोण होतं?"

"तेच विचारायला आले होते, गुरुजी. खड्डा बऱ्याच जणांना आठवतो, आत कोण ते कुणालाच ठाऊक नाही. तुमच्यानंतर आता विचारायला कुणी नाही."

गुरुजी नदीकडे वळले. मग वाकून त्यांनी ओंजळ भरली.

"काश्यपगोत्र..."

पुढे घ्यायला नाव नव्हतं. पाणी तसंच धरून ते मागे वळले.

"मुलगा की मुलगी, एवढं तरी?"

गुरुजींच्या बोटांतून पाणी गळत होतं, आणि ते उत्तराची वाट बघत होते.