पडद्यावरचं ‘न्हाय’

“चिप न्हाय!” बाळारामशेठ ओरडला आणि त्याचा हात भिंतीवरच्या मेन स्विचकडे गेला.

“शेठ, हात लावू नका!” विद्युल्लता खुर्चीवरून उठलीच. “आत्ता वीज तोडलीत तर ती खरंच जाईल.”

कामतघरच्या त्या शेडमध्ये नव्या लूमला झेंडूचा हार घातला होता. कापडावरची नक्षी लूमच्या पेटीतल्या चिपमध्ये भरायची होती. एकदा भरली की वीज गेली तरी पुसायची नाही. पण भरत असताना वीज गेली, तर चिपच निकामी. तशी चिप तेव्हा मुंबईच्या बाजारात शोधूनही मिळत नसे. विद्युल्लतेजवळ ही एकच होती, आणि लूम बनवणाऱ्या तिच्या कारखान्याची ही पहिलीच ऑर्डर. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिनेच लिहिलेली ओळ उभी होती : पहिली जात, नाही.

“पहिल्याच दिवशी न्हाय?” शेठची आई हौसा म्हणाली. “अगो पोरी, आमी दुकान बंद करतानापन ‘वाढवलं’ म्हनतो.”

“आजी, ड्रायव्हर चिपला विचारतो, तू कुठल्या जातीची...”

“डायवर? कुठं बसलाय?”

“प्रोग्रामचं नाव आहे ते.”

“म्हंजे मशीनपन आधी जात इचारतं,” शेठ म्हणाला. पण हसला नाही. हात स्विचवरच होता.

“पहिल्या जातीची नाही निघाली. दुसऱ्या जातीची असणार, म्हणून तर नक्षी भरतेय. भरून झाली की दिसेल.”

बोलता बोलता तिला आपली चूक कळली. मध्ये, नक्षी भरत असताना दाखवायला, एक ओळही तिने लिहिली नव्हती. ‘नाही’नंतर पडदा नुसता गप्प.

पेटीवरचा लाल दिवा लुकलुकत होता. शेजारच्या शेडमधले लूम खडखडत होते. शेठचं बोट स्विचवर अस्वस्थ हलत होतं, आणि विद्युल्लता पडद्याकडे बघावं की त्या बोटाकडे, अशी उभी.

मग पडद्यावर उमटलं : दुसरी जात, आहे. नक्षी भरली.

शेठने हात खाली घेतला. “ते न्हाय पुसून टाक. आत्ताच. नायतर मशीन परत ने.”

तिने पडद्यावर प्रोग्रामच्या ओळी उघडून ते पुसलं. तिथे लिहिलं, ‘शोधते आहे.’

शेठ तिच्या खांद्यावरून वाकला. “आनि हे खाली काय? ‘एकही नाही, लूम बंद ठेवा’?”

“ते चिप खरंच मेली तरच येतं. ते काढलं तर लूम वेडंवाकडं विणत राहील, आणि कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“माझ्या शेडमंदी न्हाय नको म्हंजे नको. काढतेस, का हार उतरवू?”

विद्युल्लतेचं बोट पुसायच्या बटणावर गेलं.

“ऱ्हाऊ दे तिचं,” हौसा म्हणाली.

“आये, तूच तर आत्ता...”

“तुजा बापूस खाडीत बुडून गेला, तवा सगली मना सांगत व्हती, हाय, येतोय. कुनाच्या तोंडातून न्हाय निगंना.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “मी रोज सांजला त्याची भाकर थापून झाकून ठेवायची.”